मोडीतल्या मोटारी आणि मुळेचे पाणी

मोटारी घडविण्याच्या उद्योगात पुण्याने जे नाव मिळविले त्याचा अभिमान प्रत्येक पुणेकराला आहे, आणि तो सार्थ आहे. आकुर्डीची स्कूटर, पिंपरीची मालमोटार आणि अलीकडच्या काळात चाकणची प्रवासी मोटार यांनी गेल्या साठ वर्षांत या जिल्ह्याचे रूप पालटून टाकले. हजारो घरांत चूल पेटली, शेकडो लहान कारखाने उभे राहिले, आणि 'पुण्याची गाडी' हे शब्द देशभर विश्वासाने उच्चारले जाऊ लागले. परंतु जी मोटार कारखान्याच्या दारातून हारतुरे घालून बाहेर पडते ती पंधरा-वीस वर्षांनी कोठे जाते, कोणाच्या हातून मोडली जाते, आणि तिच्या पोटातील तेल, आम्ल व शिसे शेवटी कोणाच्या विहिरीत उतरते, हा प्रश्न या शहराने स्वतःला क्वचितच विचारला आहे. हिंजवडी आणि तिच्या भोवतालच्या गावांची आजची स्थिती पाहता तो विचारल्यावाचून आता गत्यंतर नाही.

आमची भूमिका आरंभीच स्पष्ट केलेली बरी. विनापरवाना चालणारा वाहने मोडण्याचा धंदा बंद झाला पाहिजे, आणि तो बंद करण्यासाठी शासनाने कठोर उपाय योजले तर आम्ही त्यांस पाठिंबा देऊ. मात्र धंदा बंद करणे आणि धंदा एका गावातून हाकलून दुसऱ्या गावात नेऊन सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजवर दुसरी गोष्टच पहिलीच्या नावाखाली खपविली गेली आहे, अशी आमची तक्रार आहे.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील एक शेतीचे गाव. गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारण्यास हात घातला, आणि पाहता पाहता भाताच्या खाचरांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. माण, मारुंजी, नेरे ही शेजारची गावेही त्याच वावटळीत सापडली. माणसे आली तशी त्यांची वाहने आली. वाहने आली तशी त्यांची दुरुस्तीची दुकाने आली. आणि जेथे दुरुस्ती आहे तेथे भंगार हे ओघानेच येते. पत्र्याचे कुंपण घातलेली एखादी गुंठेवारीची जागा, आत एकावर एक रचलेले मोटारींचे सांगाडे, दारात वजनकाटा आणि मागच्या अंगाला नाला, हे दृश्य शहराच्या कोणत्याही वाढत्या कडेला आता अपरिचित राहिलेले नाही. गाव ग्रामपंचायतीच्या चौकटीत राहिले आणि वस्ती मात्र महानगराएवढी झाली, या विसंगतीतच अशा धंद्यांना आडोसा मिळतो. जून २०२५ मधील पहिल्याच मोठ्या पावसात तेथील रस्ते तुंबले तेव्हा अडविलेले, बुजविलेले व वळविलेले ओढे-नाले हा साऱ्या चर्चेचा विषय झाला. त्या पाण्याबरोबर काय काय वाहून गेले याची चौकशी मात्र कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

उघड्यावर मोटार कशी मोडली जाते हे सुशिक्षित वाचकाने एकदा समजून घेतले पाहिजे. गाडी आत आली की प्रथम ज्यांना बाजारात किंमत आहे असे भाग उतरविले जातात: इंजिन, गिअरबॉक्स, दारे, दिवे, चाके आणि बॅटरी. धूर शुद्ध करणारे धुराड्यातील उपकरण हे त्यांतील सर्वांत मोलाचे, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम हे दुर्मीळ धातू अत्यल्प प्रमाणात असतात. त्यानंतर गॅस कटरने सांगाड्याचे तुकडे केले जातात. राहिलेले इंजिन तेल, ब्रेकमधील तेल व रेडिएटरमधील थंड ठेवणारे द्रव काढून घेण्यास वेगळी टाकी नसते. ते जमिनीवर सांडते आणि माती ते पिऊन टाकते. वातानुकूलन यंत्रातील वायू नळी कापताच आकाशात निघून जातो, आणि हा वायू तापमानवाढीच्या दृष्टीने कर्बवायूच्या हजारपटीहूनही अधिक घातक असतो. तारांतील तांबे मिळविण्यासाठी तारा पेटविल्या जातात. त्यांवरील प्लॅस्टिकच्या वेष्टनातून निघणाऱ्या काळ्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात. बैठकांतील फोम, रबराच्या पट्ट्या व टायरांचे तुकडे ज्यांना गिऱ्हाईक मिळत नाही ते एक तर तेथेच जाळले जातात, नाही तर रात्री नाल्यात लोटले जातात.

या विषांपैकी शिशाविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे. मोटारीच्या साध्या बॅटरीच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शिशाचा असतो आणि उरलेल्यात गंधकाम्ल असते. बॅटरी फोडून आम्ल ओतून दिले व शिसे तेथेच वितळविले, तर त्याची धूळ व वाफ प्रथम त्या कामगाराच्या आणि नंतर आजूबाजूला खेळणाऱ्या मुलांच्या शरीरात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा जो परिणाम होतो तो भरून येत नाही, आणि शिशाचे 'निर्धोक' असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार सांगितले आहे. तेलाची कथा निराळी नाही. एका मोटारीच्या एका वेळी बदललेल्या तेलाने दहा लक्ष गॅलन गोडे पाणी नासू शकते, असा इशारा अमेरिकेचे पर्यावरण खाते आपल्या नागरिकांना देत आले आहे.

त्यातून आपला प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः भेगांत व विरलेल्या थरांत. वाळूतून पाझरताना पाणी जसे काही अंशी गाळले जाते तसे भेगांतून वाहताना गाळले जात नाही. एका टोकाला सांडलेले विष दुसऱ्या टोकाच्या विहिरीत वा कूपनलिकेत उतरण्यास फारसा अडसर नसतो. हिंजवडी परिसरातील अनेक गृहसंकुलांना टँकरवर वा कूपनलिकांवर अवलंबून राहावे लागले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न केवळ ओढ्याकाठच्या गरिबांचा नाही हे उमगेल. आणि ओढ्याचे पाणी तरी कोठे थांबते? ते मुळेला मिळते. मुळा पुढे पवनेला घेऊन संगमावर मुठेला भेटते, मुळामुठा भीमेला जाऊन मिळते, आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते. पुण्याने वर सोडलेले सोलापूर जिल्ह्याने खाली प्यावे, ही आपल्या नागरीकरणाची जुनी रीत आहे. तिच्यात आता मोटारीच्या तेलाचीही भर पडत आहे.

हानी एवढ्यावरच संपत नाही. जेथे गाडी कोणत्याही नोंदीवाचून मोडली जाते तेथे चोरीची गाडीही मोडली जाऊ शकते. उत्तर प्रदेशातील मीरत शहराचा सोतीगंज बाजार या कामासाठी देशभर कुप्रसिद्ध झाला होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद केला, पण त्यापूर्वी कित्येक वर्षे तो दिवसाढवळ्या चालत होता. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. जुनी गाडी भंगारवाल्याकडे जाते, परंतु तिची नोंदणी परिवहन खात्याच्या दप्तरी तशीच जिवंत राहते. मग मेलेल्या गाडीचे कागद व चासी क्रमांक चोरीच्या जिवंत गाडीवर चढविणे अवघड राहत नाही. त्या गाडीने पुढे अपघात केला अथवा गुन्ह्यात तिचा वापर झाला, तर पोलीस प्रथम दार ठोठावतात ते दप्तरात ज्याचे नाव आहे त्याचे.

हे सारे थांबविण्यास कायदा अपुरा आहे काय? मुळीच नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ अन्वये गाडी नष्ट झाल्यास वा कायमची निरुपयोगी झाल्यास तिच्या मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहनमोड केंद्रांविषयीचे नियम जारी केले. अशा केंद्राने गाडी घेण्यापूर्वी ती चोरीची नाही हे पडताळून पाहावे, मोडण्यापूर्वी तिच्यातील सर्व द्रवे व घातक वस्तू वेगळ्या काढाव्यात, चासी क्रमांकाचा कापलेला तुकडा सहा महिने जपून ठेवावा, आणि मालकाला गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. हे प्रमाणपत्र दाखविल्यास नवी गाडी घेताना करात सवलत मिळण्याची तरतूदही आहे. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. घातक कचऱ्यासाठी २०१६ चे आहेत. आणि १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांविषयीचे पर्यावरण नियमही अमलात आले आहेत. या शेवटच्या नियमांनी गाडी बनविणाऱ्या कंपनीवरच तिच्या अंताची जबाबदारी टाकली आहे. पंधरा वा वीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाड्यांत जेवढे पोलाद होते त्याच्या किमान ८ टक्के पोलाद २०२५-२६ पासूनच्या पाच वर्षांत दरवर्षी, त्यापुढील पाच वर्षांत १३ टक्के आणि २०३५-३६ पासून १८ टक्के, रीतसर मोडलेल्या वाहनांतून परत मिळाल्याचे कंपन्यांनी दाखवून दिले पाहिजे. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखालील दंडही १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत वाढविला गेला आहे.

कायदा आहे, नियम आहेत, दंड आहे. नाही तो अंमल करणारा धनी. हिंजवडीत औद्योगिक क्षेत्रातील रस्ता महामंडळाचा, त्याच्या बाहेरचे बांधकाम महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीतले, गावठाण ग्रामपंचायतीचे, पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, पाणी व हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाची, आणि गाडीची नोंदणी परिवहन खात्याची. एका भंगाराच्या आवारात इतक्या खात्यांची हद्द येऊन मिळते, आणि म्हणूनच तेथे कोणाचीच हद्द उरत नाही. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो. नोटीस एक खाते काढते, वीज दुसरे खाते जोडते, व्यवसायाचा दाखला तिसरेच कोणी देऊन बसलेले असते. परिसर महापालिकेत घ्यावा, या तेथील रहिवाशांच्या मागणीमागे २०२५ साली जो संताप दिसून आला तो मुख्यतः या अनास्थेविरुद्धचा संताप होता.

आणि महापालिका असली की प्रश्न आपोआप सुटतो असेही नव्हे. पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडीचे उदाहरण ताजे आहे. चिखलीलगतच्या या भागात भंगाराची गोदामे कित्येक वर्षे एकाला एक चिकटून वाढत गेली. त्यांत वाहनांचे भंगार होते, तसे प्लॅस्टिक, रबर आणि रसायनांची पिंपेही होती. ९ डिसेंबर २०२४ रोजी तेथे लागलेल्या आगीने अवघ्या नगरीचे आकाश काळवंडले. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये पालिकेने प्रचंड पोलीस बंदोबस्तात आठ-दहा दिवसांच्या आत चार हजारांहून अधिक बांधकामे जमीनदोस्त करून आठशे एकरांहून अधिक जमीन मोकळी केली. इंद्रायणीच्या काठी साचलेला हा धोका दूर झाला याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु जी बांधकामे आठ-दहा दिवसांत पाडता येतात ती उभी राहत असताना दहा-वीस वर्षे कोणाच्या नजरेस कशी पडली नाहीत, या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. ज्या अधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत ती उठली त्यांपैकी किती जणांना जाब विचारला गेला?

त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. गोदामे पाडली, पण भंगार नष्ट झाले नाही. ते निर्माण करणारी वाहने, कारखाने व घरे पूर्वीप्रमाणेच आहेत. पाण्याला बांध घातला की ते बाजूने वाट काढते, तसा हा धंदा जेथे नियंत्रण सैल आहे तेथे सरकतो. शहराच्या कडेची गावे ही त्याची स्वाभाविक आश्रयस्थाने. इंद्रायणी वाचविण्यासाठी मुळेचा बळी द्यावा असे कोणीच म्हणणार नाही. परंतु केवळ पाडापाडीचा परिणाम तोच होण्याचा संभव आहे. साप म्हणून भुई धोपटल्याने साप मरत नाही, तो शेजारच्या बिळात जातो.

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे, कारण ती बाजू दुबळ्यांची आहे. गाडी मोडणारा माणूस हा बहुधा दूरच्या जिल्ह्यातून वा परप्रांतातून पोटासाठी आलेला असतो. हातमोजे, चष्मा यांवाचून तो दिवसभर धुरात काम करतो, आणि सर्वांत आधी विष भिनते ते त्याच्याच अंगात. त्याचे कसबही लहान नव्हे. कोणता भाग पुन्हा चालेल, कोणता वितळविण्यास जाईल, हे तो एका दृष्टिक्षेपात सांगतो. जुन्या सुट्या भागांच्या बाजारावर कित्येक रिक्षावाल्यांचे व लहान टेंपोवाल्यांचे चरितार्थ अवलंबून आहेत. हा माणूस गुन्हेगार नाही. त्याच्या धंद्याची आजची रीत गुन्हेगारी स्वरूपाची आहे. रीत बदलण्याची संधी न देता माणसालाच उखडून टाकणे हे न्यायाचे नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे उपयोगाचेही नाही.

पण रीत बदलावी कशी? नोंदणीकृत केंद्र काढण्यास एक लाख रुपये शुल्क व दहा लाखांची बँक हमी लागते. त्याशिवाय जागा, पक्की फरशी, तेल वेगळे करणारी टाकी, यंत्रसामग्री, हे सारे आलेच. गुंठाभर जागेत बसलेल्या भंगारवाल्याला हे झेपणारे नाही. मोठ्या भांडवलदाराला ते झेपते, आणि टाटा मोटर्सच्या नावाने २०२५ मध्ये पुण्यात असे एक केंद्र सुरू झाले हे स्वागतार्ह आहे. परंतु लहान माणसासाठी महाराष्ट्राने स्वतःची एक वाट फार पूर्वी शोधून काढली आहे, ती सहकाराची. ज्या राज्याने लहान शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून प्रवरानगरला साखर कारखाना उभारून दाखविला, त्या राज्याला भंगारवाल्यांची सहकारी संस्था अशक्य वाटू नये. कचरावेचकांचे उदाहरण तर पुण्यातीलच आहे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. ज्यांना कालपर्यंत उकिरड्यावरून हुसकावले जात होते त्या स्त्रिया ओळखपत्र लावून दारोदार कचरा गोळा करू लागल्या. वाहनमोड केंद्राच्या नोंदणीसाठी संस्थाही अर्ज करू शकतात. मग वीस-पंचवीस लहान धंदेवाल्यांच्या संस्थेला औद्योगिक क्षेत्रात एक सामाईक भूखंड, सामाईक फरशी व तेलाची टाकी वाजवी भाड्याने मिळवून देणे शासनाला जड का जावे?

खर्चाचे कारण कोणी पुढे केले तर त्यास जपानमधील तेशिमा बेटाची हकीकत सांगितली पाहिजे. या लहानशा बेटावर एका ठेकेदाराने मोडलेल्या मोटारींचा उरलासुरला चुरा कित्येक वर्षे बेकायदा आणून टाकला. बेटवासीयांनी ओरड केली, पण स्थानिक शासनाने ती मनावर घेतली नाही. १९९० मध्ये शेजारच्या प्रांताच्या पोलिसांनी छापा घातला तेव्हा कोठे प्रकरण उघडकीस आले. तेथील रहिवाशांना न्याय मिळण्यास २००० साल उजाडावे लागले, आणि सुमारे नऊ लाख टन विषारी कचरा उचलून नेण्याचे काम २०१७ पर्यंत चालले. तो खर्च भरला जनतेने. या अनुभवातून शहाणे होऊन जपानने २००२ मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि मोटार विकत घेणाऱ्याकडूनच तिच्या अंतिम विल्हेवाटीचे शुल्क आधी घेऊन ठेवण्याची पद्धत घातली. वेळीच न केलेला थोडा खर्च पुढे किती पटींनी वसूल होतो याचा याहून स्पष्ट दाखला नाही.

शासनाला इतके सांगितल्यावर आमच्या वाचकांनाही चार शब्द सुनावणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मोडीत जाणारी मोटार भंगारवाल्याच्या आवारात आपण होऊन चालत जात नाही. ती तेथे आपणच पाठवितो. नोंदणीकृत केंद्रापेक्षा दोन-चार हजार अधिक मिळतात म्हणून आपण दारात आलेल्या माणसाला गाडी देऊन टाकतो, आर. सी. बुकाचे काय झाले हे विचारीत नाही, आणि नोंदणी रद्द करण्याचा हेलपाटा टाळतो. ते दोन-चार हजार अधिक का मिळतात? त्या माणसाला तेलाची टाकी बांधावी लागत नाही, कामगाराला हातमोजे द्यावे लागत नाहीत, आणि विष नाल्यात सोडण्याचे भाडे कोणी मागत नाही, म्हणून. अर्थात ते पैसे भंगारवाला आपल्या खिशातून देत नाही, नदी देते. २०२५ च्या नियमांनुसार आयुष्य संपलेली गाडी १८० दिवसांच्या आत अधिकृत ठिकाणी जमा करणे हे नोंदणीकृत मालकाचे कर्तव्य आहे. नदीच्या प्रदूषणाविरुद्ध निघणाऱ्या मोर्चात आपण हिरिरीने सामील होतो. त्याच्या जोडीला आपल्या सोसायटीच्या वाहनतळावर धूळ खात पडलेल्या गाड्यांची यादी केली, तर अधिक कार्य साधेल.

आमच्या मागण्या थोड्या व सरळ आहेत. हिंजवडी, माण, मारुंजी व नेरे या परिसरातील वाहने मोडण्याच्या सर्व जागांची जिल्हाधिकाऱ्यांनी साऱ्या खात्यांना एकत्र बसवून एकच पाहणी करावी, आणि ती यादी जनतेसमोर ठेवावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या जागांभोवतालच्या विहिरी, कूपनलिका व ओढे यांच्या पाण्याची तेल व शिशासाठी तपासणी करून निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. बॅटऱ्या फोडणे, तारा जाळणे आणि नाल्यात तेल सोडणे या तीन गोष्टींना एक दिवसाचीही मुदत देऊ नये. त्या ताबडतोब बंद करून दंड प्रत्यक्ष वसूल करावा. बाकीच्या धंदेवाल्यांना संस्था स्थापून नोंदणी करण्यास ठरावीक मुदत व जागा द्यावी, आणि मुदत संपल्यावर मात्र कोणाचीही गय करू नये. ज्याने आपली जागा अशा धंद्याला भाड्याने दिली त्या जमीनमालकालाही जबाबदार धरावे, कारण दुकान हलले तरी भाडे घेणारा तेथेच असतो. आणि नोंदणी रद्द करण्याची पद्धत परिवहन खात्याने इतकी सोपी करावी की प्रामाणिक नागरिकाला दलालाचे तोंड पाहावे लागू नये.

पावसाळ्यात या जागांवरील चिखल ओढ्यांतून वाहून जातो, आणि पावसाबरोबर तक्रारींचाही विसर पडतो. पुढच्या पावसापूर्वी निदान पाहणी पूर्ण व्हावी आणि पाण्याचे निष्कर्ष जाहीर व्हावेत, इतकी अपेक्षा अवाजवी नाही. ज्या जिल्ह्याने मोटार घडविण्याचे शास्त्र आत्मसात केले त्याला ती सभ्यपणे मोडण्याचे शास्त्र शिकता येणार नाही असे आम्हांस वाटत नाही. अडचण आहे ती फक्त इच्छेची, आणि ती इच्छा शासनाच्या ठायी आहे की नाही याचा निवाडा हिंजवडीच्या ओढ्यांतील पाणीच करील.